गावाला एक डेमोक्रॅट हवा

हार्व्हेल, कॅन्सस
९ फेब्रुवारी

प्रिय नोरीन,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण विषय राजकारणाचा आहे. फोनवर राजकारण निघालं की आपल्या दोघी बहिणींपैकी एक मध्येच फोन ठेवते. पत्रात निदान माणसाला वाक्य पुरं करता येतं.

ऑरव्हिल स्टकी गाव सोडून चाललाय. पोर्टलंडला, मुलीकडे. गुडघे गेलेत त्याचे, आणि मुलगी म्हणते आता एकटं राहायचं नाही. तुला वाटेल, यात मला एवढी काळजी कसली. अगं, ऑरव्हिल हा हार्व्हेलचा एकुलता एक डेमोक्रॅट आहे. मतदानाच्या दिवशी टेबलाशी दोन्ही पक्षांची माणसं बसलीच पाहिजेत असा नियम आहे. इतकी वर्षं आमच्या रिपब्लिकनांच्या बाजूने मी बसते, त्यांच्या बाजूने तो. जेवणानंतर तो झोपतो. पण झोपला तरी तो डेमोक्रॅटच असतो, आणि कायद्याला तेवढं पुरतं.

तो गेला की आमचं केंद्र बंद. काउंटीच्या कचेरीतल्या बाईने स्वच्छ सांगितलं, "दुसरा डेमोक्रॅट आणा, नाहीतर सगळे ब्रिस्टोला जाऊन मतं द्या." ब्रिस्टोला, नोरीन. तिथे चर्चच्या तळघरात थंडगार सँडविच ठेवतात. आपल्याकडे मांस-राजम्याचं गरम चिली असतं, दालचिनीचे रोल असतात. शेतांवर एकेकटी राहणारी माणसं त्या दिवशी येतात आणि मत देऊन झालं तरी संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. म्हातारी मिसेस फ्रीझन तर बाहेर पडते तीच तेवढ्यासाठी. शाळा गेली, पोस्ट अर्ध्या दिवसावर आलं. आता हेही गेलं तर या चार रस्त्यांना गाव कशाला म्हणायचं?

म्हणून काल कॅफेत बैठक बोलावली. मी विचारलं, "मतदारयादीत नावापुढे डेमोक्रॅट लिहून घ्यायला कोण तयार आहे? नुसतं कागदावर. मत कुणालाही द्या." सगळे आपापल्या कपात बघायला लागले. लायल न्हावी म्हणाला, "मग माझ्या वस्तऱ्याखाली कोण मान देईल?" वांडा म्हणाली, तिची आई थडग्यातून उठून येईल. पाद्रीबाबा म्हणाले, "मी सगळ्यांचा आहे," म्हणजे आमच्या काही उपयोगाचे नाहीत. तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक हात वर आला. माझ्या नवऱ्याचा. डेल्मरला आणखी कॉफी हवी होती. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, "उद्या जाऊन सांग त्यांना, हात कॉफीसाठी होता म्हणून." तर म्हणतो, "हात वर गेला तो गेला. आता खाली कसा घेऊ?"

तेव्हा डेमोक्रॅटाला काय काय ठाऊक असावं लागतं ते त्याच्यासाठी लिहून पाठव. थोडक्यात. अगदी थोडक्यात.

तुझी,
आर्डिथ

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१८ फेब्रुवारी

प्रिय आर्डी,

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आमच्या वाचनमंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. बेट्सीला असा ठसका लागला की पाठ थोपटावी लागली.

कॉलेजातून पहिल्यांदा घरी आले तेव्हापासून मी तुम्हा सगळ्यांना पटवतेय. आकडे दिले, लेख पाठवले, नाताळच्या जेवणात भाषणं केली. आणि शेवटी काम झालं ते एका कप कॉफीने.

तू थोडक्यात म्हणालीस म्हणून एकच खोकं पाठवतेय. त्यात आरोग्यावरची पुस्तकं आहेत, शेतीवरची, हवामानावरची, आणि मुख्य म्हणजे एक निळा बिल्ला. तो त्याने कोटावर लावायचा. पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची ते आत लिहिलंय.

खरं सांगू? डेल्मर मला नेहमीच वेगळा वाटत आलाय. तुमच्याकडे जेवताना मी बोलत असले की सगळे ताटात बघतात. तो एकटा माझ्याकडे बघून मान डोलावतो. त्या माणसाच्या आत काहीतरी दडलेलं आहे, आणि तू ते इतकी वर्षं दाबून ठेवलंयस.

तुझीच,
नोरीन

हार्व्हेल
२६ एप्रिल

प्रिय नोरीन,

खोकं पोचलं. उघडायला करवत लागली. डेल्मरने वरचं पुस्तक वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर त्याला इतकी शांत झोप लागली की मला हेवा वाटला. बिल्ला मात्र लावतो. त्याला निळा रंग आवडतो.

आणि तू बोलताना तो मान डोलावतो ते कानातलं यंत्र बंद असतं म्हणून. तू आलीस की तो ते काढूनच ठेवतो. वाईट वाटून घेऊ नकोस, आपली लिंडसबोर्गची बहीण आली तरी काढतो.

पण काळजीचं कारण वेगळंच निघालं. काउंटीतल्या डेमोक्रॅटांची महिन्याची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरते. "कागदावर नाव आहे तर तोंड दाखवून येतो," म्हणून हा गेला. तिथे मोजकी म्हातारी माणसं, निम्मी काठी टेकत आलेली. हा आत शिरला तर सगळी उठून उभी राहिली, ज्यांना उठवत नव्हतं तीसुद्धा. पहिल्या बैठकीत चिटणीस केलं. दुसऱ्या बैठकीत अध्यक्ष.

मी म्हटलं, "अरे, पण तू तिथे करतोस काय?"

"ते मला विचारतात, डेल्मर, तुम्हाला काय वाटतं."

"मग तू काय सांगतोस?"

"पहिल्यांदा म्हटलं, विचार करून सांगतो. मला असं कुणी विचारलंच नव्हतं गं. गॅसच्या टाक्या पोचवायला गेलो की लोक एवढंच विचारायचे, टाकी भरली का."

मग त्याने महिनाभर विचार केला, आणि त्याला वाटतं ते हे: स्टकीच्या वळणावर रस्त्याखाली जी मोरी आहे ती फार लहान आहे. दर वसंतात पाणी रस्त्यावरून जातं आणि मिसेस फ्रीझन पलीकडे अडकून पडते. मोरी मोठी करायला हवी. झालं. एवढंच वाटतं त्याला. पण बैठकीत टाळ्या पडल्या म्हणे. रात्रभर कुशीवर वळून मोरीबद्दल बोलत होता. माझ्या झोपेचं खोबरं झालं.

पुस्तकं पुरे. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याची सोय झाली.

आर्डिथ

मॅडिसन
५ मे

प्रिय आर्डी,

लिंडसबोर्गच्या आपल्या बहिणीचं ऐकून जरा बरं वाटलं.

तुला कळत नाहीये की तुझ्या घरात काय घडतंय. मोरी ही नुसती मोरी नसते. एका म्हातारीला पलीकडे एकटं पडू द्यायचं नाही, हाच तर आमचा सगळा विचार आहे. त्यावर मी शेकडो पानं पाठवली आणि डेल्मर ती न वाचता तिथे पोचला.

टाऊनशिपचे रस्ते आणि दफनभूमी बघणारा कारभारी नोव्हेंबरात निवडायचा आहे ना? मी चौकशी केली. गेलन उनरू दर वेळी बिनविरोध येतो. बिनविरोध, आर्डी. याला निवडणूक म्हणतात का?

मी तसं डेल्मरला कळवलंय. वेगळं पत्र टाकलं, तुला उगाच त्रास नको म्हणून.

नोरीन

हार्व्हेल
१४ जून

नोरीन,

"प्रिय" मुद्दामच लिहिलं नाही.

त्याने अर्ज भरला. माझ्यासमोरून कोट घालून गेला, "जरा गावात जाऊन येतो" म्हणून, आणि येताना उमेदवार होऊन आला. मी पक्षाची इथली प्रमुख आहे. दर दोन वर्षांनी गेलनच्या नावाच्या पाट्या मी दारोदार वाटते. आता आमच्याच अंगणात डाव्या हाताला गेलनची पाटी आहे आणि उजव्या हाताला डेल्मरची. मधे बागेचा पाइप टाकलाय. मी माझ्या बाजूचंच गवत कापते.

त्या दिवशी गेलन नेहमीसारखा अंडी घेऊन आला. स्वयंपाकघरात बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि टोपीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "डेल्मर, तू माझ्याविरुद्ध उभा आहेस असं कानावर आलं."

"विरुद्ध नाही रे," डेल्मर म्हणाला, "शेजारी."

"बरं," गेलन म्हणाला. मग दोघं मिळून गेलनचं कापणीचं यंत्र दुरुस्त करायला गेले. एकाच गाडीतून. मी अंड्यांकडे बघत बसले.

गव्हाची कापणी तोंडावर आहे, म्हणून पत्र इथेच थांबवते. नाहीतर माझ्याकडे बरंच आहे.

आर्डिथ

मॅडिसन
२२ जुलै

प्रिय आर्डी,

रागावलीस तरी मी तुझी बहीण आहे, आणि बहिणीच्या घरी यायला परवानगी लागत नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येतेय. सोबत बेट्सी आणि मंडळातल्या आणखी दोघी आहेत. बेट्सीची मोठी गाडी आहे. घरोघरी जाऊन डेल्मरचा प्रचार करणार आहोत. आम्हाला काही लागत नाही. झोपायच्या पिशव्या आणतोय. बेट्सी गहू खात नाही एवढंच.

नोरीन

हार्व्हेल
८ सप्टेंबर

प्रिय नोरीन,

सुखरूप पोचलात ना? बेट्सीचं पोट कसं आहे? या गावात दारात आलेल्या माणसाला खाऊ घातल्याशिवाय कुणी सोडत नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरी तिने एका संध्याकाळी तीन घरी जेवण केलं, आणि तिन्हीकडे गव्हाशिवाय दुसरं काही नव्हतं. लायल विचारत होता, त्याने दिलेली मांजराची पिल्लं गाडीत नीट राहिली का. लोकांना तुम्ही आवडलात. मिसेस फ्रीझन म्हणाली, "किती दिवसांनी कुणी माझं सगळं ऐकून घेतलं."

पण जाताना तू मला तो कागद दाखवलास ना, की निम्मं गाव डेल्मरच्या बाजूचं आहे, त्याबद्दल बोलायचं राहिलं. तुम्ही विचारलंत, "डेल्मर कसा वाटतो?" आणि लोक म्हणाले, "छान माणूस आहे." नोरीन, तू इथेच वाढलीस. आपल्याकडे "छान माणूस आहे" म्हणजे "नाही". "हो" असलं तर लोक विचारतात, "पाटी आहे का जादा?"

हे मी हसत लिहिलं असतं. पण परवा कचेरीतल्या त्या बाईचा फोन आला. म्हणाली, "आर्डिथ, उमेदवाराला मतदानाच्या टेबलाशी बसता येत नाही." मी म्हटलं, "अगं बाई, पण तो बसावा म्हणूनच तर डेमोक्रॅट झाला." ती म्हणाली, "आणि उमेदवाराच्या बायकोलाही नाही."

म्हणजे टेबलाशी बसायला डेमोक्रॅट नाही, मीही नाही, आणि केंद्र चाललं ब्रिस्टोला. कॅफेत मी शिरले की सगळे एकदम हवामानावर बोलायला लागतात. वांडाने तर तोंडावर विचारलं, "एवढं सगळं करून मिळवलंत काय?" मी अर्धी कॉफी तशीच सोडून निघाले. मी कॉफी अर्धी सोडलेली तू कधी बघितलीयस का?

डेल्मर म्हणाला, "मी अर्ज मागे घेऊ का?" मी विचारलं, घेता येतो का. तारीख उलटून गेली होती. मग तो कोठारात जाऊन बसला. मीही थोड्या वेळाने गेले. त्याच्या शेजारच्या पिंपावर बसले.

तुझी,
आर्डिथ

हार्व्हेल
१५ ऑक्टोबर

प्रिय नोरीन,

मी पत्रं लिहीत नाही, म्हणून चुकलं तर सांभाळून घे. आर्डिथ चर्चमध्ये गेली आहे.

बातमी चांगली आहे. ऑरव्हिल परत आला. घर विकलं गेलं नव्हतंच. बसमधून उतरला, पेटी घेऊन थेट कॅफेत. आम्ही विचारलं, "काय रे, मुलीशी बिनसलं का?" तर म्हणतो, "मुलगी चांगली आहे. जावई चांगला आहे. शेजारीही चांगले. पण सगळेच्या सगळे डेमोक्रॅट. मी काही बोललो की म्हणतात, अगदी बरोबर. सकाळी बरोबर, दुपारी बरोबर. माणसाने दिवसभर करायचं काय?" मग लायलने त्याला कशावरून तरी मूर्ख म्हटलं आणि ऑरव्हिलचे डोळे भरून आले.

म्हणजे तो टेबलाशी बसेल. आमच्या बाजूने, म्हणजे आर्डिथच्या बाजूने, वांडा बसेल. केंद्र वाचलं. आर्डिथने त्या दिवशी ऑरव्हिलला दालचिनीचे रोल नेऊन दिले, आणि तो जे बोलला त्या सगळ्याला विरोध केला. फार खुश होता तो.

आता माझं. तू मला उभं केलंस, तक्रार नाही. पण हरायचं कसं तेही सांग. हरणार हे नक्की. मला एकच भीती आहे, की निकाल वाचताना माझ्या नावापुढे शून्य येईल. सगळं गाव समोर बसलेलं असतं गं. परवा केस कापताना लायलजवळ बोलून गेलो, की शून्य आलं तर चेहरा कसा ठेवायचा. तो नुसती कात्री चालवत राहिला.

तुझी पुस्तकं चांगली आहेत. टेबल आता अजिबात हलत नाही.

डेल्मर

मॅडिसन
९ नोव्हेंबर

माझ्या लाडक्या आर्डी,

मी निकाल तीनदा वाचला. चष्मा पुसून वाचला. हार्व्हेलमध्ये डेल्मर निवडून आला, आणि गेलनला मतं किती, तर सहा. सहा. वरपासून खालपर्यंत बाकी प्रत्येक जागेवर तुम्ही नेहमीसारखे रिपब्लिकन आहात. आणि शेवटच्या ओळीवर हे.

इथे कुणी दुसरं काही बोलतच नाहीये. बेट्सी म्हणते, ती तीन जेवणं सत्कारणी लागली. तिच्या ओळखीचे एक राज्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत, ते म्हणतात की लहान गावांचं मन आतून बदलायला लागलंय आणि त्याची पहिली खूण हार्व्हेलमध्ये दिसली. मोरीसारख्या प्रश्नांतून नवी जाणीव वर येते वगैरे. ते वसंतात तुमच्याकडे येऊन प्रत्येकाला भेटायचं म्हणताहेत. नकाशा घेऊन येणार आहेत.

आणि आता खरं सांग. तूही त्यालाच दिलंस ना? मला दुसऱ्या कुणापेक्षा ते ऐकायचंय.

तुझीच,
नोरीन

हार्व्हेल
१६ नोव्हेंबर

प्रिय नोरीन,

तुझ्या प्राध्यापकांना येऊ दे. जेवायला घालू. पण त्याआधी झालं काय ते तू ऐक, आणि तुझ्यापुरतंच ठेव.

मतदान छान झालं. आपल्या चर्चचं तळघर भरलेलं होतं, चिली दुपारीच संपलं, परत करावं लागलं. मिसेस फ्रीझन सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीवर राणीसारखी बसून होती. ऑरव्हिल जेवणानंतर झोपला. मी टेबलाशी नव्हते, स्वयंपाकघरातून डाव हलवत सगळं बघत होते, आणि मला तेही बरं वाटलं.

निकाल वाचला तेव्हा तळघरात कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. सगळे एकमेकांकडे असे बघत होते, जणू कुणीतरी कुणाचा तरी खिसा कापलाय. डेल्मर तर पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लायल मागच्या दाराने आला. हळूच म्हणाला, "आर्डिथ, मी आपलाच माणूस आहे. त्या एका ओळीवर फक्त डेल्मरला दिलं. बिचाऱ्याला शून्य पडू नये म्हणून. बाकीचे सगळे गेलनलाच देतील अशी माझी खात्री होती." तो गेला आणि वांडा आली. तिचंही तेच. डेल्मरला शून्याची भीती वाटतेय हे तिला लायलनेच सांगितलं होतं. मग पाद्रीबाबा. मग सावकाश मिसेस फ्रीझन, पुतण्याला गाडी चालवायला लावून. सगळ्यांची एकच गोष्ट, आणि प्रत्येकाला वाटतंय की दया आपण एकट्यानेच केली. मी कुणालाच दुसऱ्याचं सांगितलं नाही. आमच्या स्वयंपाकघराचं त्या दिवशी चर्चमधलं कबुलीघर झालं होतं.

शेवटी गेलन आला, अंडी घेऊन. म्हणाला, "मीही त्यालाच दिलं. स्वतःला कसं द्यायचं? आणि बायकोलाही सांगितलं, त्याला एक दे." मग म्हणाला, "दहा वर्षं मी हे काम सोडायला बघतोय आर्डिथ. कुणी घेतच नव्हतं." शीळ घालत गेला.

आता तुझा प्रश्न. मी गेलनला दिलं. डेल्मर स्वतःचं एक मत स्वतःला देईलच, मग शून्य काही येत नाही, असा मी हिशेब केला आणि मतपत्रिकेवर वरपासून खालपर्यंत माझ्या पक्षाशी इमानाने राहिले. इमानाने राहिलेली या गावात मी जवळजवळ एकटीच निघाले.

आणि ते मला कुणाला सांगता येत नाही. कॅफेत बायका माझा हात दाबतात, म्हणतात, "शेवटी नवरा तो नवरा, नाही का?" आणि मी, आर्डिथ, मान खाली घालून म्हणते, हो ना, डेमोक्रॅटला दिलं बाई एकदा.

डेल्मरने काल जेवताना विचारलं. सरळ नाही, बटाट्याकडे बघत. "तू कुणाला दिलंस, ते विचारायचं नसतं ना?"

"तुलाच," मी म्हटलं.

त्याने काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी गेलनला दिलं. स्वतःला द्यायचं बरं दिसत नाही." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "पण तू आयुष्यात कधी पक्ष सोडून मत दिलं नाहीस, आर्डिथ. मला माहितीय तुला काय वाटलं असेल ते."

नोरीन, मी खरं सांगून टाकणारच होते. पण त्याचा चेहरा बघून मी त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

"पुढच्या वेळी तुझ्या मनाला येईल त्याला दे," तो म्हणाला. "एकदा केलंस, पुष्कळ झालं."

मी म्हटलं, बघू.

तुझी,
आर्डिथ